पाठीचं ऑपरेशन, मग डोळ्यांचं काय?

मागच्या अंकात मणक्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला काय काय सांगायचं यावर लिहिलं होतं. त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच ओळीवर होते, संमतीपत्रात लिहिलेली असते ना, "क्वचित दृष्टी जाण्याची शक्यता", त्या ओळीवर. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवले आणि फक्त यावरच लिहितेय. मी सोलापुरातच भूल देते, मणक्याच्या ऑपरेशनांना रोज नाही पण नेहमी असते, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

प्रश्न : मॅडम नमस्कार, आम्ही पूर्व भागात राहतो. वडील ५८ वर्षांचे, सगळा जन्म यंत्रमागावर उभं राहून गेला. दोन वर्षं झाली कंबर आणि दोन्ही पाय, आता तर घरापासून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाताना दोनदा खाली बसतात. एमआरआयमध्ये चार ठिकाणी नस दबलीय म्हणाले, स्क्रू-रॉड घालायचे, सहा-सात तास लागतील. शुगर आहे, बीपी आहे, वजन ९२ किलो. सगळं ठरलं होतं पण सहीच्या कागदावर वाचलं की दोन्ही डोळ्यांची दृष्टी जाऊ शकते. आत्या म्हणते पाठीच्या ऑपरेशनात डोळे कसे काय जातील, हे लोक काहीतरी लपवतायत. आई तेव्हापासून रडतेय. हे खरं असतं का? आणि करावं की नको?
(एक मुलगा, सोलापूर)

उत्तर : खरं असतं. आणि ज्यांनी ते कागदावर लिहिलं त्यांनी लपवलेलं नाही, उलट सांगितलंय, हे आधी आत्यांना सांगा.

आता डोळे कसे काय जातील हा प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण तिथे कुणी हातसुद्धा लावत नाही. मणक्याच्या ऑपरेशनला पेशंटला पालथं झोपवतात, छाती आणि कमरेखाली उशा, तोंड खाली, आणि असं कित्येक तास. तुम्ही स्वतः पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून दोन मिनिटं पडून बघा, चेहरा जड होतो, डोळ्यांवर ताण येतो. तेच सहा तास. शिवाय ऑपरेशनमध्ये रक्त जातं, ते भरून काढायला सलाइन भरपूर जातं, ते पाणी शरीरात सखल भागाकडे उतरतं म्हणजे चेहऱ्याकडे, म्हणून मोठ्या ऑपरेशननंतर पेशंट परत उताणा केला की चेहरा सुजलेला असतो आणि नातेवाईक घाबरतात. ही सूज नुसती गालावर नसते, डोळ्यामागे खोबणीतसुद्धा असते. डोळ्याकडून मेंदूकडे जी नस जाते तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी केसासारख्या बारीक आहेत. बाहेरून सूज दाबतेय, नसेकडून परत जाणारं रक्त तुंबलंय, आतून बीपी कमी, रक्तही पातळ झालेलं, असं सगळं एकाच वेळी जुळून आलं तर ती नस उपाशी राहते आणि मरते. नेमकं याच क्रमाने होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण आत्ता जेवढं माहीत आहे त्यात सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण हेच.

डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २१ असतं, काचबिंदू तपासताना मोजतात तेच. २००१ सालच्या एका अभ्यासात मणक्याच्या ऑपरेशनला आलेल्या पेशंटचं हे प्रेशर मोजलं होतं. जागेपणी १९, भूल दिल्यावर उताणं असताना १३ पर्यंत उतरलं, पालथं केल्यावर २७, आणि पाचेक तासांनी शेवटी शेवटी ४०. म्हणजे वेळ हाच मोठा शत्रू आहे, म्हणूनच मी पेशंटला नेहमी विचारायला सांगते की किती तास लागतील.

किती जणांना होतं? फार कमी जणांना. अमेरिकेत १९९८ ते २०१२ मध्ये मणके जोडण्याची जी ऑपरेशनं झाली त्यात ही नसेची इजा दर १०,००० मागे साधारण एकाला झाली, आणि त्या काळात हे प्रमाण आणखी खाली आलं, जवळजवळ पावणेतीन पटींनी. का कमी झालं असेल? ऑपरेशनं छोट्या छेदाची झाली, वेळ कमी झाला, रक्त कमी जायला लागलं, आणि आम्ही भूलवाले जास्त सावध झालो.

सावध झालो त्यालाही एक कारण आहे. १९९९ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ अनेस्थेसिऑलॉजिस्ट्स या संघटनेने ऑपरेशननंतर दृष्टी गेलेल्या पेशंटची नोंदवही सुरू केली, डॉक्टरांनी नाव न सांगता केसची माहिती पाठवायची. २००६ मध्ये त्यातल्या मणक्याच्या ९३ केसेस छापून आल्या. त्यातल्या ८३ जणांमध्ये डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला होता, १० जणांमध्ये डोळ्याच्या आतल्या पडद्याची मुख्य रक्तवाहिनी बंद पडली होती. त्या ८३ पैकी ५५ जणांचे दोन्ही डोळे गेले होते. मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. त्या लोकांमध्ये बरेच जण तब्येतीने तसे ठणठणीत होते, वय सरासरी पन्नास, म्हणजे म्हातारे नाहीत. पण जवळजवळ सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती, एकतर भूल सहा तास किंवा जास्त चाललेली, नाहीतर रक्त एक लिटर किंवा त्याहून जास्त गेलेलं. काहींचं डोकं तर पिनांच्या चौकटीत धरलेलं होतं, डोळ्याला काहीच टेकलेलं नव्हतं, तरी झालं. त्यामुळे "डोळ्यावर दाब पडला म्हणून" हे एकच कारण लोक सांगतात ते नसेच्या इजेत खरं नाही.

नंतर २०१२ मध्ये ज्यांना झालं ते ८० आणि ज्यांना नाही झालं ते ३१५ असे शेजारी शेजारी ठेवून बघितले तर सहा गोष्टी निघाल्या: पुरुष असणं, लठ्ठपणा, विल्सन फ्रेम नावाचा कमानीसारखा आधार वापरणं (त्यावर डोकं हृदयापेक्षा खाली जातं), भुलीचा वेळ, गेलेलं रक्त, आणि रक्ताच्या बदल्यात नुसतं साधं सलाइन जास्त देणं. तुमच्या वडिलांकडे बघितलं तर पुरुष आहेत, वजन आहे, ऑपरेशन लांबलचक आहे. म्हणजे दहा हजारात एक हा सरसकट आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नका, त्यांची जोखीम त्यापेक्षा थोडी जास्त धरा. तरीही ती कमीच आहे, हेही तेवढंच खरं.

करावं की नको हे मी इथून नाही सांगणार, वडिलांना बघितलेलं नाही. पण एक सांगते, उद्या त्यांच्या पायातली ताकद कमी होत असेल, पाऊल फरफटत असेल, लघवी-संडासवरचा ताबा जात असेल, जांघेत बधिरपणा असेल तर डोळ्याच्या भीतीने दिवस घालवू नका, तशा वेळी न करण्याचा धोका कितीतरी मोठा असतो, आणि तो हजारात एकाला असतो असा नाही.

आणि जायच्या आधी हे करा. आदल्या दिवशी किंवा त्याआधीच भूलतज्ज्ञाला स्वतः भेटा, नुसती वरवरची भेट नको, खुर्ची ओढून बसा. विचारा की एवढे तास पालथं राहायचंय तर हे दोन टप्प्यात करता येईल का, काही वेळा चार ठिकाणचं काम दोन वेगवेगळ्या दिवशी करतात आणि तो विचार चुकीचा नसतो. विचारा रक्त किती जाईल, ते कमी व्हावं म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचं इंजेक्शन देणार का. हिमोग्लोबिन किती आहे बघा, कमी असेल तर ऑपरेशनआधी वाढवून घ्या, सोलापुरात मी बघते तर माग चालवणारे पुरुषसुद्धा दहा-अकराचं हिमोग्लोबिन घेऊन येतात. बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका आणि मनाने घेऊही नका, काही गोळ्या त्या सकाळी चालू ठेवतात, काही वगळायला सांगतात. तंबाखू आजपासून बंद. वजन एका महिन्यात फार उतरणार नाही पण शुगर ताब्यात येऊ शकते.

आणखी एक, हे सगळं वडिलांना कळेल त्या भाषेत सांगायला लावा. घरात तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत. सही त्यांची आहे, तुमची नाही. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की संमती म्हणजे नुसती सही नव्हे, उपचार काय, कशासाठी, पर्याय काय, मोठे धोके कोणते हे पेशंटला पुरेसं सांगायला हवं. त्याच निकालात असंही आहे की अगदी दूरचे धोके सांगायलाच पाहिजेत असं नाही, आणि म्हणूनच काही डॉक्टर हा धोका सांगत नाहीत, पेशंट उगाच घाबरतो म्हणतात. माझं मत वेगळं आहे. दोन तासांच्या ऑपरेशनला नका सांगू एक वेळ, पण सहा-सात तासांच्या ऑपरेशनला सांगितलंच पाहिजे, माणूस घाबरला तर घाबरू दे, त्याच्यासोबत बसून समजवा.

प्रश्न : माझं कमरेचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले. शुद्धीवर आले तेव्हा उजव्या डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचत होतं, पाणी येत होतं, उजेड सहन होत नव्हता. दोन दिवसांत बरं झालं. हा तोच प्रकार होता का?
(वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही, काळजी सोडा. तुमच्या बुबुळावर ओरखडा आला असणार, पापणी नीट मिटलेली नसली किंवा डोळा कोरडा पडला की होतं, ऑपरेशनमधल्या डोळ्याच्या तक्रारींत हीच सगळ्यात जास्त दिसते आणि बहुतेक वेळा एक-तीन दिवसांत बरी होते. नसेच्या इजेत अजिबात दुखत नाही, फक्त दिसत नाही. टोचणं, पाणी येणं हा वेगळा रस्ता आहे. पण एक अपवाद लक्षात ठेवा, डोळा प्रचंड दुखतोय, डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत तर तो अचानक उठलेला काचबिंदू असू शकतो, पालथं झोपल्याने तोही होतो, आणि त्यावर लगेच औषध दिलं तर डोळा वाचतो. त्यात थांबायचं नसतं.

प्रश्न : मॅडम, मी बार्शीची, प्राथमिक शिक्षिका, वय ४४. गादी सरकलीय, दुर्बिणीतून काढणार आहेत, तासभर लागेल म्हणाले. मला काचबिंदूचे थेंब चालू आहेत. मैत्रिणीने कुठेतरी वाचून सांगितलं की काचबिंदूवाल्यांनी मणक्याचं ऑपरेशन करूच नये. खूप टेन्शन आलंय.

उत्तर : ताई, तुमचं ऑपरेशन आणि वर ज्या काकांचं लिहिलंय ते ऑपरेशन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तास-दीड तास पालथं राहणं, रक्त जेमतेम अर्धी वाटी. वर जी कारणं सांगितली त्यातलं एकही तुमच्याकडे जवळपास नाही. थेंब बंद करायचे नाहीत, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घालायचे आणि बाटली सोबत ठेवायची. भूलतज्ज्ञाला कोणता काचबिंदू आहे ते सांगा, डोळ्याच्या डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी, प्रेशरचा आकडा दाखवा. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण तिने वाचलेलं तुम्हाला लागू नाही.

प्रश्न : ताई, मोहोळ तालुक्यातून लिहितेय, मुलीकडून टाइप करून घेतलंय. माझे मिस्टर जिल्हा परिषदेत क्लार्क आहेत. पाच महिन्यांपूर्वी मणक्याचं मोठं ऑपरेशन झालं, आठ तास चाललं. शुद्धीवर आल्यापासून दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, डाव्या डोळ्याला खालच्या बाजूला थोडा उजेड कळतो. पाय मात्र बरे झाले. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले नस सुकली. आम्ही मोठ्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. आता एक जण स्टेम सेलचं इंजेक्शन सांगतोय, साडेचार लाख. शेत विकायचा विचार आहे. ऑफिसमधून विचारतायत की राजीनामा कधी देताय. ते दिवसभर कॉटवर बसून असतात, बोलत नाहीत. कुणाची चूक होती ताई? मी काय करू?

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही विचारलेल्या सगळ्याला उत्तर देते, पण आधी एक, शेत विकू नका.

डोळ्याची नस मेंदूचाच भाग असते, हाताच्या कातडीसारखी ती परत वाढत नाही. या इजेवर सिद्ध झालेला उपचार आजपर्यंत नाही, स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊन अशी सुकलेली नस परत चालू होते असं कुठल्याही नीट झालेल्या चाचणीत दिसलेलं नाही. डोळ्यात किंवा डोळ्यामागे असली इंजेक्शनं घेऊन उरलीसुरली दृष्टी गमावलेली माणसं आहेत. तुमच्या मिस्टरांना डाव्या डोळ्याला जो उजेड कळतो तो आत्ता सोन्यापेक्षा मोलाचा आहे, तो कुणालाही धोक्यात घालू देऊ नका. जो साडेचार लाख मागतोय त्याला म्हणा लेखी दे, किती जणांना दिसायला लागलं. देणार नाही तो.

सुधारणा होते का? नोंदवहीतल्या पेशंटपैकी निम्म्याहून थोड्या कमी जणांना काही ना काही फरक पडला, पण बहुतेकांमध्ये तो फार थोडा होता. पाच महिन्यांनी मोठी आशा धरा असं मी म्हणणार नाही, तुम्हाला खोटं सांगून काय मिळणार मला.

चूक कुणाची? हा प्रश्न रात्री तुम्हाला झोपू देत नसणार. सगळी काळजी घेऊनसुद्धा हे होऊ शकतं, हे मी डॉक्टरांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही, जगभरात तसंच दिसलंय. पण काळजी घेतली होती का हे बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दवाखान्याकडे लेखी अर्ज करून सगळे कागद मागा, डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत त्यात कागद ७२ तासांत द्यायला सांगितलंय. त्यात भुलीचा चार्ट नीट बघून घ्या कुणाकडून तरी, बीपी किती वेळ खाली होतं, रक्त किती गेलं, किती दिलं, डोकं कशावर ठेवलं होतं, डोळे तपासल्याची नोंद आहे का, आणि संमतीपत्रात हा धोका लिहिला होता का. ते कागद बघितल्यावर तुमचं मन काय ते ठरवेल. भांडायला जायच्या आधी कागद हातात हवेत.

आता नोकरी. राजीनामा द्यायचा नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मुलीला मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांगा. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६, कलम २०, पोटकलम ४. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही नेता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या पदावर घ्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचं. जिल्हा परिषद यात येते. ऑफिसात जे तोंडी विचारतायत त्यांना सांगा, लेखी विचारा. अशा वेळी लेखी विचारायला सहसा कुणी धजत नाही.

त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. ऑनलाइन यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज भरा, मग सोलापूरला सिव्हिलला बोर्डापुढे तपासणी होते. फेऱ्या होतील, रांग असेल, सकाळी लवकर या, सोबत डोळ्याचे सगळे रिपोर्ट आणा.

आणि मिस्टर. त्यांचे पाय बरे झालेत हे तुम्ही एका वाक्यात लिहिलंत आणि पुढे गेलात, पण मला वाटतं सुरुवात तिथूनच होईल. चालता येतंय. पांढरी काठी घेऊन अंगणापासून चालणं शिकवणारे प्रशिक्षक असतात, अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक नावाची सोय आतच असते, स्क्रीनवरचं सगळं मराठीत वाचून दाखवते, मुलीने एका संध्याकाळी चालू करून द्यावं. कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर घेऊन क्लार्कची कामं करणारी माणसं आहेत सरकारी ऑफिसांत. पण बोलत नाहीत, दिवसभर बसून असतात हे मला जास्त काळजीचं वाटतं, दृष्टी गेल्यावर मन खचणं हा आजारच असतो आणि त्याला औषध आहे, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, उद्या-परवाच. तुम्हीसुद्धा कुणाशी तरी बोला. पाच महिने तुम्ही एकट्याने ओढताय.

प्रश्न : मॅडम, मी स्टाफ नर्स आहे, सोलापुरातच एका दवाखान्यात ओटी आणि रिकव्हरी दोन्हीकडे ड्यूटी असते. मणक्याच्या केसला आम्ही नेमकं काय बघायचं, कुणी नीट शिकवलंच नाही.

उत्तर : हा प्रश्न आला म्हणून मला खरंच खूप बरं वाटलं. बाळा, तुझ्या हातात बरंच काही आहे.

पेशंटला पालथं करण्याआधी डोळे मिटून पट्टी नीट लावलीय ना ते बघ. चेहरा फोमच्या उशीत, डोळे आणि नाकाच्या जागी खाच असते तिच्यातच डोळे आले पाहिजेत, खाली आरसा ठेवता येणारी उशी असेल तर उत्तम. घोड्याच्या नालेसारखं हेडरेस्ट असेल तर जास्त सांभाळ, डोकं जरा सरकलं की कडा थेट डोळ्यावर येते, आणि पडद्याची रक्तवाहिनी बंद पडते ती बहुतेक अशीच, एकाच डोळ्याची, त्याच बाजूला पापणी सुजलेली, काळीनिळी. हा प्रकार मात्र टाळता येतो, पूर्ण टाळता येतो. म्हणून दर वीसेक मिनिटांनी खाली वाकून किंवा आरशात बघायचं, हात घालून चाचपायचं, आणि टेबल हललं, सर्जननी जोर लावला, एक्स-रेसाठी सी-आर्म आत-बाहेर झालं की त्यानंतर लगेच बघायचं. बघितलं की वेळ लिही. सर्जन ओरडले तरी बघ, मी तुझ्या बाजूने आहे आणि कुठलाही शहाणा भूलतज्ज्ञ असेल.

डोकं सरळ, मान मुरगळलेली नको, आणि डोकं हृदयाच्या पातळीला किंवा थोडं वर. टेबल डोक्याकडून जरा उचललेलं असावं. पोट मोकळं लोंबतं राहिलं पाहिजे, पोट दाबलं गेलं तर शिरांमधलं प्रेशर वाढतं, रक्त जास्त जातं. बाकी बीपी, हिमोग्लोबिन, रक्त हे आमचं काम, पण सक्शनच्या बाटलीत आणि मॉप्समध्ये किती रक्त आहे ते दर तासाला मोठ्याने सांगत जा.

आता रिकव्हरी. इथे मला माझं एक सांगायचंय. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट, लोडशेडिंगचे दिवस होते. एका मामांचं लांबलेलं मणक्याचं ऑपरेशन झालं, रिकव्हरीत आणलं, बोलायला लागले आणि म्हणाले, "लाइट गेली का वो?" मी म्हणाले, "नाही मामा, झोपा, भुलीचा अंमल आहे." डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख चालू होती. त्यांनी आणखी एकदा विचारलं आणि मी आणखी एकदा तेच उत्तर दिलं. संध्याकाळी त्यांच्या बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि त्यांचा हात भलतीकडेच गेला, तेव्हा कळलं. सहा-सात तास गेले होते. लवकर कळलं असतं तर दृष्टी वाचली असती असं मी म्हणू शकत नाही, नसेच्या इजेत तसा उपाय नाहीच, पण त्या वेळी त्यांचं हिमोग्लोबिन खूप उतरलेलं होतं, बीपी कमी होतं, ते लगेच सुधारता आलं असतं, आणि तो काचबिंदू असता किंवा मेंदूतला झटका असता तर ते सहा तास फार महागात पडले असते. मामा मला काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून लांब मणक्याच्या केसनंतर मी पेशंटला दिसतंय का हे विचारल्याशिवाय रिकव्हरीतून हललेले नाही.

तर पेशंट बोलण्याइतका जागा झाला की एक डोळा झाकून विचार, माझी बोटं किती, मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे वेगवेगळे, कारण एक गेला असेल तर दुसरा झाकून नेतो आणि कळत नाही. बोटं कळली नाहीत तर हात हलताना दिसतोय का, तेही नाही तर टॉर्चचा उजेड कळतो का. टॉर्च मारलाच आहेस तर बाहुली आकसते का बघ, दिसत नाही म्हणतोय आणि बाहुल्या मात्र छान आकसतायत तर घोटाळा डोळ्यात नाही, मेंदूच्या मागच्या भागात असू शकतो, तेही लिहून ठेव. काहीही कमी वाटलं तर "उद्या राउंडला सांगू" नाही, त्याच क्षणी भूलतज्ज्ञ, सर्जन आणि डोळ्याचे डॉक्टर, तिघांना फोन. डोळ्याच्या डॉक्टरांना आत बघून काही दिसलं नाही तरी निवांत व्हायचं नाही, नस मागच्या बाजूला मेली असेल तर पहिले काही दिवस पडदा अगदी नॉर्मल दिसतो.

आपल्याकडे एकाच वॉर्डात चार भाषा असतात, आणि अर्धवट भुलीत माणूस आपल्या आईच्याच भाषेत बोलतो, मराठी कितीही चांगलं येत असलं तरी. म्हणून मी आमच्या रिकव्हरीच्या भिंतीवर पुठ्ठ्याला मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदीत लिहून टांगलंय, दिसतंय का, कनपडतुंदा, काणस्तदेनु, दिखता क्या. खाली डावा डोळा, उजवा डोळा आणि वेळ असे तीन रकाने. तू पण तुमच्याकडे एक टांग, आणि पहिल्या केसनंतर मला कळव.